डाव्या हातावरची पट्टी

“थर्टी-फाइव्ह परसेंट,” इमर्जन्सीतले डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मिलिंदच्या नाकपुडीत छोटी बॅटरी मारली, त्याला तोंड उघडायला लावलं आणि शेजारच्या नर्सला सांगितलं, “इन्हलेशन भी है. लिखो.”

पस्तीस हा आकडा ऐकून मला हायसं वाटलं. आमच्या शाळेत पस्तीस म्हणजे काठावर पास. उरलेला सगळा नवरा शाबूत आहे, असा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला आणि माझ्या मुलीला, प्रज्ञाला, म्हटलं, “पस्तीसच आहे गं.” ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, बायॉलॉजी शिकलेली. तिला कळलं होतं.

भाजण्याचे टक्के कसे मोजतात हे मला नंतर समजलं. रोग्याचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. मिलिंदचे दोन्ही हात, छाती, मान आणि पाठीचा मोठा भाग भाजला होता. ‘इन्हलेशन इंज्युरी’ म्हणजे तापलेला धूर आत ओढला गेल्यामुळे श्वासनलिका आतून भाजणं. ती बाहेरून दिसत नाही, पण ती असेल तर पस्तीसचा अर्थ बदलतो. तुमच्यावर वेळ आली तर हे तीन प्रश्न विचारा: किती टक्के, किती खोल, आणि श्वासातून धूर गेला आहे का. मी पहिलं उत्तर ऐकूनच थांबले होते.

आमचा संसार दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. मिलिंद एका केंद्रीय कार्यालयात इंजिनिअर होता, धरणांचे नकाशे तपासायचा. मी एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात. त्या वर्षांत गुडगावात टॉवर उठत होते. मेट्रो अजून तिकडे पोचली नव्हती, रस्ते अर्धे खणलेले होते, तरी ओळखीतला जो तो तिकडे फ्लॅट बघून येत होता. आम्हीही सातव्या मजल्यावर एक घेतला. क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागतं. हे घर कुणी सोडायला सांगणार नव्हतं.

गृहप्रवेशासाठी यवतमाळहून सासूबाई आल्या. त्यांना मी आईच म्हणते. प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे कार्यक्रम वेळेवर सुरू झाला पाहिजे हा त्यांचा आग्रह. मे महिना होता. पाहुणे संध्याकाळी येणार होते. आधी घरच्या चौघांनी बुद्धवंदना करायची असं ठरलं. आतल्या खोलीत कपाटांचं पॉलिश अर्धं झालं होतं. कारागीर सुट्टीवर होता, त्याचा थिनरचा डबा तिथेच होता. वास घरभर पसरला होता. नव्या घराचा वास म्हणून आम्ही तो कौतुकानेच घेतला.

मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या की बाल्कनीतून येणारी लू, उन्हाळ्यातला तिकडचा गरम वारा, त्या विझवायची. दोनदा असं झालं. आई म्हणाल्या, “मिलिंद, वंदना होईस्तोवर दार लाव ना रे बाबा.” त्याने बाल्कनीचं सरकतं दार लावलं, खिडक्या लावल्या. ज्योती सरळ उभ्या राहिल्या.

थिनरची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते आणि फरशीलगत सरकत जाते. आमचं त्रिशरण म्हणून होत होतं, तेवढ्यात मूर्तीच्या पाटाखालून एक निळसर ज्योत फरशीवरून आतल्या खोलीकडे धावत गेली. मग आवाज झाला. मिलिंदने आईंना दारातून बाहेर ढकललं, मागोमाग आम्हा दोघींना. आणि डबा बाहेर ओढता येईल अशा समजुतीने तो परत आत गेला.

टॉवरचं काम अजून चालू होतं, म्हणून जिन्यात पाण्याची पिंपं होती. वॉचमनने ती त्याच्यावर ओतली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी टूथपेस्ट घेऊन आलं, कुणी बटाट्याचा कीस करायला धावलं. प्रज्ञाने कुणाला हात लावू दिला नाही. “सिर्फ पानी, आंटी, प्लीज.” बांधकामाचं पाणी घाण होतं म्हणून मला पुढे फार वाटत राहिलं. वॉर्डातल्या मोठ्या सर्जनना मी विचारलंही. ते म्हणाले, “पानी सही था, मॅडम. गंदगी हम धो लेते हैं. जो गर्मी अंदर रह जाए, वो नहीं धुलती.” हे लक्षात ठेवा.

पहिले दिवस सुजेचे होते. भाजलेल्या अंगातून पाणी झिरपत राहतं आणि तितकंच सलाईनमधून भरावं लागतं. मिलिंदचा चेहरा इतका सुजला की डोळे मिटले गेले. वॉर्डात एकावेळी एकच माणूस, तेही गाऊन, टोपी, मास्क घालून. आई बाहेरच्या बाकावर बसायच्या. त्यांनी त्या दुपारबद्दल एक शब्दही काढला नाही. फक्त कुठेही दार लावण्याचा आवाज झाला की त्यांचा हात पदराकडे जायचा.

सूज उतरल्यावर खरी भीती सुरू झाली. सर्जननी मला त्यांच्या खोलीत बसवून सांगितलं. “चमडी एक दीवार है. दीवार गिर गई तो कोई भी अंदर आ सकता है. अब लड़ाई इन्फेक्शन से है.” जखम जितके दिवस उघडी, तितके दिवस जंतूंना वाट मोकळी. पाठ आणि छाती खोल भाजली होती. तिथे ‘ग्राफ्टिंग’ लागणार होतं, म्हणजे मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावायची. दोन्ही हात उथळ भाजले होते, ‘सेकंड डिग्री’. खालचा थर जिवंत होता, कातडी आपली आपण येऊ शकत होती.

तोवर रोजचं ड्रेसिंग. सिल्व्हर सल्फाडायझिन नावाचं पांढरं मलम लावतात. चांगलं औषध आहे, पण रोज धुऊन, खरवडून काढावं लागतं, आणि चिकटलेल्या गॉजबरोबर नवी आलेली नाजूक कातडीही निघते. मिलिंदला स्ट्रेचरवरून ड्रेसिंगच्या खोलीत न्यायचे आणि दार लागायचं. तो ओरडणारा माणूस नव्हता. बाहेर बाकावर आम्ही तिघी त्याचा आवाज ओळखायला शिकलो.

पल्लवी आम्हाला तिथे भेटली. सडपातळ, चष्मा, गळ्यात ओळखपत्र. प्रज्ञा मला “मम्मा, खपली म्हणजे काय?” असं विचारत होती. दिल्लीत वाढलेल्या मुलांचे असे शब्द हरवतात. मी उत्तर देण्याआधी शेजारून कुणीतरी म्हणालं, “जखमेवर वाळून बसते ना, ती. पण आम्हाला ती येऊच द्यायची नाहीये.”

ती परभणीची होती. वस्त्रतंत्रज्ञानात पीएच.डी. करत होती आणि या वॉर्डाबरोबर एका चाचणीवर काम करत होती. नॅनोफायबरचं ड्रेसिंग. तिने समजावलं ते मला कळलं तसं लिहिते. एका सुईतून द्रावण सोडायचं आणि खूप मोठ्या दाबाच्या विजेने ते ओढायचं. त्याचा केसापेक्षा कितीतरी बारीक धागा होतो आणि समोरच्या पत्र्यावर त्याची साय धरते.

“बुढ्ढी के बाल,” प्रज्ञा म्हणाली.

“अगदी तेच. फक्त साखर नाही. कायटोसॅन असतं, ते कोळंबीच्या टरफलांपासून काढतात. आणि धाग्याच्या आत चांदीचे सूक्ष्म कण. चांदी हळूहळू सुटते आणि जंतू मारते. जाळी इतकी बारीक की हवा जाते, जंतू जात नाहीत.”

आईंनी विचारलं, “म्हणजे झिंग्यांच्या सालीचं?”

“हो, आजी.”

“लहानपणी इतके झिंगे खाल्ले त्यानं. आतून काहीच कसं लागलं नाही.”

बाकावर त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

चाचणीचा नियम असा होता: एकाच माणसाच्या दोन सारख्या जखमा घ्यायच्या, एकीवर नवं ड्रेसिंग, दुसरीवर नेहमीचं मलम. कुठल्या हाताला काय, हे बंद पाकिटातून निघणार, म्हणजे कुणाला आवडीने निवडता येऊ नये. आधी प्राण्यांवर झालं होतं, नंतर थोड्या माणसांच्या लहान जखमांवर. सर्जननी सगळं मिलिंदसमोर सांगितलं. फायदा होईलच असं नाही, हेही. त्याचा घसा बसला होता. घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, “उजवा निघू दे. सही करायला लागतो.” पाकिटातून डावा निघाला.

पट्टी मी पाहिली. दुधावरच्या सायीसारखी, तळहाताएवढी. एक विणायला प्रयोगशाळेतलं यंत्र तासन्‌तास चालायचं. कोपरापासून मनगटापर्यंत तशा पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. ओल्या जखमेला टेकताच त्या पारदर्शक झाल्या आणि खालची लाल जखम काचेखाली ठेवल्यासारखी दिसायला लागली. पल्लवी म्हणाली, “आता हिला हात लावायचा नाही. आपोआप सुटेपर्यंत नाही.”

हेच सगळ्यात अवघड होतं. बरं करायचं म्हणजे रोज काहीतरी करायचं, एवढंच आपल्याला माहीत असतं. नर्सेसनाही ते जड जात होतं. रोज बदलायची सवय असलेल्या एका सिस्टरने कडा उचलायला घेतली, तेव्हा पल्लवीने अक्षरशः तिचा हात धरला. शेवटी मनगटावर टेप लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं: खोलना मना है.

उजव्या हाताला रोज ड्रेसिंगच्या खोलीत जावं लागे, डाव्याला नाही. एकदा परत आल्यावर घामाने भिजलेला मिलिंद मला म्हणाला, “डाव्याची सुट्टी आहे. सरकारी आहे तो.” त्या हाताचा तळहात वाचला होता. भेटीच्या वेळात तो माझी बोटं धरून ठेवायचा आणि मला त्याला दुखवण्याची भीती वाटत नसे. बाकी अंगाला कुठे हात लावायची सोय नव्हती.

मग पाठ बिघडली. आधी वास आला, गोडसर, कुजक्या द्राक्षांसारखा. नंतर गॉजवर हिरवट डाग. ‘स्यूडोमोनस’, सर्जन म्हणाले. भाजलेल्या जखमांवर वाढणारा हट्टी जंतू, बऱ्याच औषधांना दाद न देणारा. ताप चढला. औषधं बदलली. रिपोर्ट यायला वेळ लागे, कारण जंतू वाढवूनच त्याला कशाची भीती वाटते ते कळतं. आम्ही जंतू वाढायची वाट बघत बसायचो.

डाव्या हातावर काहीच नव्हतं. पारदर्शक पट्टीखाली लाल कमी होऊन गुलाबी होत होतं. ते मला रोज दिसत होतं आणि तेच मला सहन होईना. मी पल्लवीला जिन्यापाशी गाठलं.

“पाठीवर का नाही लावत?”

“ताई, एवढ्या पट्ट्याच नाहीत.”

“यंत्र चालू ठेव. आम्ही थांबतो.”

“पाठ खोल आहे. आणि आता तिथे इन्फेक्शन आहे.”

“म्हणूनच तर. का तुझा प्रयोग बिघडेल?”

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “बिघडू दे, ताई. मला त्याचं काही नाही. पण ही पट्टी जंतूंना बाहेर ठेवते. आत शिरलेल्यांवर ही घातली तर भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं होईल. मी लावली आणि सरांना काही झालं, तर ते माझ्या पट्टीने झालं असेल.”

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. ती रोज यायची, हाताकडे बघायची, माझ्याकडे बघायची, जायची. आपल्या माणसासाठी भांडताना समोरचा माणूस शत्रू दिसायला लागतो. तुम्हालाही दिसेल. तेवढा काळ जाऊ द्या.

सर्जननी निर्णय मिलिंदसमोर ठेवला. मेलेली, जंतू धरलेली कातडी कापून काढायची, त्याला ‘डिब्राइडमेंट’ म्हणतात, आणि साफ झालेल्या जागेवर ग्राफ्ट लावायचं. फुफ्फुसं आधीच दुखावलेली, त्यामुळे भूल देण्यात धोका होता. न करण्यात त्याहून मोठा. मी नव्या पट्टीचं त्याच्याही कानावर घातलं. त्याने सर्जनकडून सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, “भेग आतून असली की वरून गिलावा करून चालत नाही गं. आधी खोदावं लागतं.” आयुष्यभर धरणांच्या नकाशांवर त्याने हेच शेरे मारले होते. मग तो सर्जनना म्हणाला, “कर दीजिए.”

ऑपरेशनला नेण्याआधी आईंना आत सोडलं. त्या खाटेपाशी उभ्या राहिल्या. गाऊन त्यांना पायघोळ होत होता.

“मिलिंद, मीच म्हटलं होतं रे दार लाव.”

“लू होती, आई,” तो म्हणाला. “मीही लावलंच असतं.”

ऑपरेशन पार पडलं. ग्राफ्टचा बराच भाग धरला. सर्जन पहिल्यांदा हसले. दोन दिवस आम्ही घरी नेण्याच्या गोष्टी केल्या, कुठल्या घरी ते कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागली. ‘सेप्सिस’, म्हणजे जंतूंचं विष रक्तात पसरून एकेक अवयव थकणं. आधी फुफ्फुसं, मग मूत्रपिंडं. व्हेंटिलेटर लावायचं ठरलं. नळी घशात गेली की बोलता येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका सिस्टरने मला आधी आत ढकललं. “जो कहना है, अभी कह लो.” मी त्याच्याशेजारी वाकले. त्याने डावा हात उचलला. मनगटाजवळ पट्टीची कड सुटून वर आली होती. तो तिच्याकडे आणि माझ्याकडे बघत म्हणाला, “पल्लवीला सांग. सुटली.”

मी सांगितलं. तेच आमचं शेवटचं बोलणं.

पुढचे दिवस मी लिहू शकत नाही, आणि तुम्हाला त्यांची गरज नाही. एका सकाळी सर्जन स्वतः बाकापर्यंत चालत आले आणि माझ्याशेजारी बसले. ते याआधी कधी बसले नव्हते.

आता इतक्या वर्षांनी, ज्यांच्या घरात हे घडलं आहे किंवा घडेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ताज्या पॉलिशच्या घरात ज्योत पेटवू नका. भाजलं तर पाणी, फक्त पाणी, भरपूर. आणि तुमच्या माणसावर एखादी चाचणी करू का असं विचारलं, तर प्रश्न विचारा, वेळ घ्या, नाहीही म्हणा, पण ते तुमच्या माणसाचा उंदीर करतात असं धरून चालू नका. पूर्वी मला वाटायचं, औषध एक तर असतं, नाही तर नसतं. मधे काय असतं ते मला माहीत नव्हतं. आज नेहमीचं असलेलं ते पांढरं मलमसुद्धा कधीतरी कुणाच्या तरी हातावर पहिल्यांदा लावलं गेलं असेल, आणि त्याच्या बायकोने कुणाशी तरी भांडण केलं असेल. त्या दोघांचे मी कधी आभार मानले नव्हते. आता मानते.

मिलिंदला आमच्या ताब्यात देण्याआधी पल्लवी आली. तिला हाताचा फोटो घ्यायचा होता आणि विचारायचा धीर होत नव्हता. मी हो म्हटलं. तिने उरलेली पट्टी ओल्या बोटांनी सोडवली. ती कुठेही चिकटली नाही. कोपरापासून मनगटापर्यंत नवी कातडी होती, पातळ, गुलाबी, बिनलवीची, तान्ह्या मुलाची असते तशी. उजव्या हातावर अजून गॉज होतं.

आई पुढे आल्या. त्यांनी उलटी बोटं त्या कातडीवरून फिरवली.

“इथं तर बरं झालं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो, आजी.” पल्लवी रडत होती.

“केवढी होते गं ही पट्टी? मोठ्यात मोठी?”

“आत्ता तळहाताएवढी, आजी. यंत्रच तेवढं आहे.”

आईंनी मिलिंदला घातलेल्या सदऱ्याची बाही खाली केली, बटण लावलं. मग शाळेत मागच्या बाकावरच्या मुलीला सांगत असाव्यात तशा आवाजात त्या म्हणाल्या, “मोठी कर.”